भजीच्या तेलावरची व्हॅन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातीनं माझ्या व्हॅनच्या सीटवरून आपला रुमाल उचलला, घडी केली आणि खिशात घातला. एवढंच झालं. भांडण नाही, रडारड नाही. पण त्या रुमालापायी मी, इलियास मुल्ला, बी.एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं उसाच्या रसाची गोडी मोजलेला माणूस, अख्ख्या इस्लामपुरात 'भजीवाले काका' झालो.

आधी रुमालाचं सांगतो. अर्फा नऊ वर्षांची, पुण्यात आईबापाबरोबर राहते. मला दादा म्हणते, कारण आमच्यात आजोबाला दादाच म्हणतात. दर मे महिन्यात ती आली की एक दिवस आम्ही दोघंच व्हॅन काढून मलकापुरावरून कराडला संगमावर जातो. उसाचा रस, भेळ, थोडा वेळ पाण्यात पाय, आणि परत. मागं एकदा आमच्या स्टँडवर तिनं पाहिलं, की एसटी थांबायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. तिला ते इतकं आवडलं की तेव्हापासून व्हॅनमध्येही ती आधी बाहेरून खिडकीतून रुमाल टाकायची आणि मग दारातून चढायची. सात सीटची गाडी, बसणारे दोघं, पण जागा धरल्याशिवाय बाई पाऊल ठेवायच्या नाहीत.

तर त्या दिवाळीत शाळेनं तिला एक वही दिली होती. 'माझ्या घरचा धूर' असा विषय. कोण कोण किती धूर सोडतं ते लिहून आणायचं. मी मोठ्या उत्साहानं व्हॅन चालू केली आणि अर्फा वही घेऊन मागं उभी राहिली. ढग निघाला. मला आरशात नात दिसेना. दिसली तेव्हा ती खोकत खोकत लिहीत होती. मग ती पुढं आली, सीटवरचा रुमाल उचलला आणि म्हणाली, "दादा, मी आता यात नाही बसणार. तुम्ही धूर थांबवा, मग बसते."

माझा मुलगा दानिश म्हणाला, "अब्बा, चौदा वर्षं झाली गाडीला. सुरू व्हायला वेळ लागतो, धाप लागते, धूर सोडते. आता द्या की भंगारात." बोलला तो व्हॅनविषयी, पण बघत माझ्याकडे होता. सुनेनं, सुमैरानं, त्यांच्या गाडीची काच वर केली, आणि दोन दिवस आधीच ती मंडळी पुण्याला गेली. मी हात वर करून उभा राहिलो. हात खाली घ्यायचं मला बराच वेळ सुचलं नाही.

माझी बायको हाजराबी जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून घरात माझ्याशी बोलतो तो फ्रिज. तो मध्येच घरघरतो, मी "हां हां" म्हणतो, तो गप्प बसतो. वर्षातला एक मे महिना माझा असतो, आणि त्या मे महिन्यातला एक दिवस फक्त माझा आणि अर्फाचा. तो दिवस माझ्या हातातून चालला होता. म्हणून ठरवलं, की मेपर्यंत व्हॅनचा धूर बंद करायचा. मी केमिस्ट होतो हो! उगीच कुणी सोम्यागोम्या नव्हतो.

एखादी गोष्ट करायची ठरवली आणि ती गल्लीत कळली, की मग ती आपली राहत नाही. पहिला सल्ला आला आकारामचा. हा माझ्या शेजारचा, चौथीपासूनचा दोस्त. पलटणीत गाडी चालवून रिटायर झालेला, त्यामुळं चाक असलेल्या प्रत्येक वस्तूवर शेवटचा शब्द त्याचा.

"इल्या, गड्या, गाडी इकून टाक आन बैल घे," तो म्हणाला. "बैलाला धूर न्हाई."

"धूर नसतो, पण दुसरं असतं ना मागनं."

"ते खत हाय रं! त्यानं पर्यावरण सुदारतं."

पलीकडच्या आळीतले तात्याबा म्हणाले, आमचा गोबरगॅस न्या, टपावर फुगा बांधा. फुग्याचा आकार त्यांनी हातानं दाखवला. तो घेऊन मी पुलाखालून जाऊ शकलो नसतो, आणि वारं सुटलं असतं तर पुलावरूनही नाही. गॅसचं किट बसवणाऱ्यानं व्हॅनभोवती एक चक्कर मारली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं. "काका, म्हातारी झालीय. सिलिंडरचं वजन पेलायची न्हाई." बॅटरी बसवायची चौकशी केली तर समोरचा माणूस नुसता हसला.

मग एका संध्याकाळी स्टँडजवळच्या पप्पूच्या गाड्यावर मिरची भजी खाताना माझी नजर त्याच्या पत्र्याच्या डब्यावर गेली. तळून तळून काळं पडलेलं तेल त्यात साठवलेलं. आणि माझ्यातला केमिस्ट ताडकन उठून बसला. वापरलेल्या खाद्यतेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मापात मिसळला, की त्याचं डिझेलसारखं इंधन होतं! धूर कमी, कचरा कमी, आणि माझी जुनी डिझेल व्हॅन ते पिऊ शकत होती.

"पप्पू, हे तेल मला देशील?"

पप्पूनं झारा तसाच हवेत धरला. "काका, तब्येत बरी हाय न्हवं? ह्ये तर मीबी खात न्हाई."

"मला नाही. गाडीला."

त्यानं डबा दिला. माझ्या भजीला मात्र त्या दिवशी हात लावू दिला नाही. म्हणाला, "थांबा, तुमाला ताज्या तेलातली देतो."

पप्पूचं तेल पुरेना, म्हणून मी डबा घेऊन दारोदार हिंडायला लागलो. आता खरं सांगतो, लाज वाटली. निवृत्त माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा आणि तोंडानं "तेल उरलंय का?" पण एक गंमत झाली. हाजराबी गेल्यापासून मी कुणाच्या दारात गेलो नव्हतो. बोलावलं नाही तर कशाला जायचं, हा आमचा ताठा. आता कारण हातात होतं. तेल ओतायला दोन मिनिटं लागतात, पण ओतता ओतता माणसं दहा मिनिटं बोलतात. आकारामच्या बायकोनं, बनुबाईनं, दिवाळीच्या चकल्यांचं तेल काढून ठेवलं होतं. "आवं भावजी, चार वर्सं झाली, उंबऱ्याच्या आत आला न्हाईसा," ती म्हणाली, "आन आज आला तर तेल मागाय व्हय?" डबा भरला तरी मी उगीच तिची कढई निथळवत उभा राहिलो.

पहिला प्रयोग जानेवारीत, परसात, निळ्या पिंपात केला. माप घेतलं, ढवळलं, एक दिवस झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आत इंधन नव्हतं. साबण होता! पिंपभर, घट्ट, पिवळसर साबण. बनुबाईच्या तेलात पाणी होतं आणि माझ्या हातून कॉस्टिक जास्त पडलं होतं. कुठल्याही बी.एस्सी. झालेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाही. 'मुद्दाम केलेला साबण' म्हणून कापून गल्लीत वाटला.

त्या साबणानं बनुबाईनं आकारामचा पांढरा शर्ट धुतला. तो शर्ट घालून आकाराम सव्वीस जानेवारीला माजी सैनिकांच्या रांगेत छाती काढून उभा राहिला. ऊन चढलं, घाम आला आणि शर्टातून मिरची भजीचा वास सुटला. मागच्या रांगेतल्यानं राष्ट्रगीत संपेपर्यंत कळ काढली आणि मग विचारलं, "नाष्टा कुठं ठेवलाय?" आकाराम माझ्याशी चार दिवस बोलला नाही. ते चार दिवस फार लांब होते. पाचव्या दिवशी तो स्वतःच कुंपणाशी आला आणि म्हणाला, "इल्या, तेल आदी उकळून घे. पाणी उडंल." मला हे माहीत होतं, तरी मी "वा!" म्हणालो.

दुसरं पिंप जमलं. तळाशी गाळ बसला, वर सोनेरी, स्वच्छ इंधन. टाकीत ओतलं, किल्ली फिरवली, व्हॅन दोनदा खोकली आणि सुरू झाली. मी पळत मागं गेलो. धूर? नावाला! पांढरा कागद नळीपुढं धरला, तो पांढराच राहिला. मी एकटाच परसात टाळ्या वाजवल्या. वास मात्र होता. गरमागरम, कुरकुरीत, चारच्या चहाच्या वेळचा भजीचा वास. मी बाजारातून गेलो की कुत्री मागं लागायची आणि स्टँडवरचे प्रवासी माना वळवून पप्पूच्या गाड्याकडं चालायला लागायचे. पप्पूनं व्हॅनला नारळ वाढवला.

फेब्रुवारीत रमजान लागला आणि माझी पंचाईत झाली. उपाशीपोटी भजीच्या ढगात बसून गाडी चालवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. म्हणजे मलाच. मौलानांना मसला विचारला, की या वासानं रोजा तुटतो का? ते शांतपणे म्हणाले, "वास आपोआप आला तर रोजा तुटत नाही, इलियासभाई. मुद्दाम नळीला नाक लावू नका."

मी नाक लावलं नाही. पण जे घडायचं ते घडलंच. आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला आसिफचाचा राहतात. वय ब्याऐंशी. ऐकू अजिबात येत नाही आणि दिसतं बेताचं. अजान त्यांना ऐकू यायची नाही. त्यांची सून अजान झाली की गरम भजीची बशी घेऊन ओसरीवर यायची. तेव्हा वर्षानुवर्षं चाचांचं घड्याळ म्हणजे भजीचा वास. वास आला की खजूर तोंडात. त्या दिवशी मी अजानच्या अकरा मिनिटं आधी त्यांच्या ओसरीसमोरून व्हॅन नेली.

चाचांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायले, वर दुसरा खजूर खाल्ला. सून धावत आली तोवर अजानला नऊ मिनिटं बाकी होती. मोहल्ल्यात हलकल्लोळ! मौलानांनी निवाडा दिला, की चुकून झालं, गुन्हा नाही, पण चाचांना ईदनंतर एक रोजा भरून द्यावा लागेल, आणि इलियासभाईंनी असरनंतर, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजानंतर, गाडी काढू नये. मी मान खाली घालून उभा. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यामुळं साखरेचं एक पोतं खराब झालं नव्हतं आणि इथं म्हाताऱ्या माणसाचा रोजा खराब झाला.

ईदला अर्फाची परीक्षा होती, म्हणून कुणी आलं नाही. शीरखुर्मा मी व्हिडिओवर दाखवला. "छान दिसतोय," सुमैरा म्हणाली. मी चार वाट्या केल्या होत्या. तीन आकारामकडं दिल्या. ईद झाल्यावर चाचांनी तो राहिलेला रोजा धरला, त्या दिवशी मीही धरला, आणि संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. चाचांना ऐकू येत नाही, मला बोलायचं काही नव्हतं. अजान झाली तशी मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यांनी खजूर उचलला. हाजराबी गेल्यापासून घरी रोजा एकट्यानंच सोडतो मी, समोर टीव्ही लावून. त्या दिवशी टीव्हीची आठवण झाली नाही.

एप्रिलमध्ये अर्फाचा फोन आला. "दादा, धूर थांबला त्याचा पुरावा लागेल. शिक्का असलेला." नात माझ्यावर गेली आहे. प्रदूषण तपासणीवाल्यानं मशिन लावलं, आकडा फक्कड आला, पण छापलेल्या कागदावर इंधन 'डिझेल'. अर्फा हे चालवून घेणारी नव्हती. म्हणून मी दुरुस्तीसाठी एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही, मला तिथं पुन्हा जावं लागेल.

"इंधन काय?" खिडकीमागच्या साहेबांनी विचारलं.

"वापरलेलं खाद्यतेल."

"कॉम्प्युटरमध्ये पेट्रोल, डिझेल, गॅस आणि वीज आहे. तेल नाही. डिझेल राहू द्या."

"पण मी डिझेल घालत नाही!"

"मग पेट्रोल करू का?"

त्यांनी मला अन्नवाल्यांकडं पाठवलं, की तेल खाण्यालायक नाही असा दाखला आणा. अन्नवाले म्हणाले, खात नसाल तर आमचा संबंध काय? गाडीवाल्यांकडून आणा, की तेल गाडीत जातं. असे पाच हेलपाटे झाले. तिसऱ्या हेलपाट्याला शिपाई आत ओरडला, "साहेब, भजीवाले काका आलेत!" मी बी.एस्सी. असल्याचं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हां, बसा."

पाचव्या वेळी साहेबांनीच कंटाळून कागद हातात घेतला, 'डिझेल' खोडलं, पेनानं 'इतर' लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. 'इतर'! मी तो कागद छातीशी धरून बाहेर आलो. आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर मी 'इतर'मध्ये बसत आलोय, पण इतका आनंद कधी झाला नव्हता. व्हॅन धुतली, सीटची कव्हरं धुतली. अर्फाची खिडकीजवळची सीट दोनदा पुसली. पप्पूला सांगितलं, की संगमाच्या दिवसासाठी बटाटेवड्याचं तेल वेगळं ठेव, त्याचा वास सौम्य असतो.

एक मेला दानिशचा फोन आला. "अब्बा, या सुट्टीत अर्फाला येता येणार नाही. शिबिराला निवड झालीय तिची. महिनाभर."

"कसलं शिबिर?"

"पर्यावरणाचं."

मी फ्रिजकडं बघितलं. तोही गप्प होता.

"तुम्हीच या की पुण्याला," दानिश म्हणाला. "व्हॅन नका आणू तेवढी. सोसायटीत लावायला जागा नाही."

फोन ठेवला आणि मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो. रडलो. उगीच आडपडदा कशाला? सातजणांच्या गाडीत एकटा माणूस रडत बसला होता आणि गाडीला भजीचा वास येत होता. असल्या वासात धड रडताही येत नाही.

शिबिराला जायच्या आदल्या दिवशी अर्फानं व्हिडिओ लावला. "दादा, धूर दाखवा."

मी व्हॅन चालू करून फोन नळीपुढं धरला. "दिसतोय?"

"नाही."

"अगं, नाही दिसत तेच तर!"

सहा महिन्यांची मेहनत, आणि दाखवायला काहीच नाही. मग ती म्हणाली, "आणि तुम्ही सांगता तो भजीचा वास? तो कसा येतो?"

फोनवर वास कसा दाखवणार? मी माझा धुतलेला रुमाल घेतला, नळीपुढं पाच मिनिटं धरला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि कुरिअरच्या दुकानात गेलो.

"आत काय?"

"रुमाल."

"वापरल्याला?"

"म्हणजे... थोडासा."

त्यानं पिशवी नाकाजवळ नेली. "काका, खायाचं पाठवायचं आसल तर तसं सांगा."

जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्फा शिबिराहून परत आली आणि तिचा फोन आला. आवाज रडवेला. "दादा, मम्मीनं रुमाल धुतला. मी यायच्या आधीच. तिला वाटलं तेलकट झालाय. आता त्याला फुलांचा वास येतोय."

"अगं, दुसरा पाठवतो. तेलाला काय तोटा आहे इथं?"

"नको," ती म्हणाली. "तोच परत पाठवलाय मी. दिवाळीत मीच येते. तोपर्यंत माझी जागा धरा."

तीन दिवसांनी रुमाल आला. इस्त्री केलेला, घडी घातलेला. मी व्हॅनची खिडकी उघडली आणि बाहेर उभं राहून, एसटीत टाकतात तसा, तो बरोबर तिच्या सीटवर टाकला. गल्लीत कुणी बघत नव्हतं. होतं तर एक आकाराम, कुंपणावर कोपर टेकून.

"इल्या, कऱ्हाडला निगालास व्हय? मला मलकापुरात सोड," म्हणत तो दार उघडून आत शिरला आणि थेट खिडकीकडं सरकला.

"तिथं नको," मी म्हणालो. "रुमाल दिसत न्हाई व्हय? जागा धरल्याली हाय."

आकारामनं रुमालाकडं बघितलं. मग पुढच्या, मागच्या, सगळ्या रिकाम्या सीटांकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ कसलाच सल्ला नव्हता. मी चालवायला बसलो. तो खाली उतरला, वळसा घालून आला आणि माझ्या शेजारी बसला.